पद्मजा पिक्चर सांगते

मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहत असताना पद्मजाला शाळकरी वयातच एक काम लागलं होतं. पिक्चर सांगायचं. वडील गाडीवर गार्ड होते, महिन्यातून एखाद्या रविवारी ते पोरांना थिएटरात न्यायचे. सोमवारी दुपारी आवराआवर झाली की शेजारच्या बायका निवडायचे गहू सुपात घेऊन पायरीवर यायच्या आणि म्हणायच्या, "हं पद्मे, कर सुरू." पद्मजा पडद्यावर नावं पडतात तिथपासून सुरू करायची. नमनालाच घडाभर तेल जायचं, पण बायकांना कुठे गाडी पकडायची होती? हीरोच्या आईच्या साडीचा रंग, व्हिलनच्या घरातला गोल जिना, मध्यंतरात कोणाचं पोर रडलं, सगळं सांगून व्हायचं.

त्या बायकांत शोभाकाकू होत्या. त्यांचा नवरा त्यांना टाकून गेलेला, हे क्वार्टर्समध्ये सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. शोभाकाकू समोर बसल्या की पद्मजाच्या पिक्चरमधला नवरा परत यायचा. मूळ पिक्चरमध्ये तो मेलेला असला तरी यायचा. एकदोघींनी तो पिक्चर नंतर स्वतः पाहिला आणि पद्मजाला फैलावर घेतलं. शोभाकाकूंनी मात्र कधी तक्रार केली नाही. खोटं बोलणं आणि माया करणं यांच्या मधली भिंत पद्मजाच्या बाबतीत तेव्हापासूनच जरा पातळ होती.

पुढे आशुतोषशी लग्न झालं आणि ती नेदरलँड्सला आली. आधी आइंडहोव्हन, तिथे आशुतोष चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता, मग त्याने नोकरी बदलली म्हणून हूफडॉर्प. घर घेतलं, प्रांजली झाली, पद्मजाला विमानतळाजवळच्या एका माल पाठवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. वीस वर्षं बघता बघता गेली. सगळं होतं, फक्त पिक्चर ऐकायला कोणी नव्हतं. आशुतोषला सोफ्यावर पहिल्या दहा मिनिटांत झोप लागायची आणि प्रांजली कानात इअरफोनची बोंडं घालून आपापलं काही पाहायची. लेकीशी मराठीत बोललं की तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र डचमध्ये यायचं, फार तर इंग्रजीत. या गोष्टीचं पद्मजाला वाईट वाटायचं, पण रोजचं झाल्यावर माणूस वाईट वाटून घेणंही विसरतो.

आणि मग दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत साताऱ्याहून सासूबाई आल्या.

लीलावतीबाई आल्या होत्या सहा आठवड्यांसाठी. नातीचा वाढदिवस, थोडंफार फिरणं, परत. मार्चमध्ये सगळं जग कुलूपबंद झालं आणि त्यांचं परतीचं तिकीट बारगळलं. घरावरून दिवसभर जाणारी विमानं थांबली. हूफडॉर्पमध्ये इतकी शांतता त्यापूर्वी कोणी ऐकली नव्हती. आशुतोष खालच्या खोलीत मीटिंगमध्ये, पद्मजा माळ्यावर मीटिंगमध्ये, प्रांजली आपल्या खोलीत शाळेत. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई दिवाणखान्यात एकटी बसून खिडकीतून सायकली बघायची. "अगं, ही माणसं घरात बसायचं सोडून कुठे जातात गं?" एवढाच तिचा दिवसभराचा प्रश्न.

याच सुमारास धाकट्या दिराचा फोन आला. श्रीहर्ष मास्ट्रिख्टला विद्यापीठात संशोधन करायचा. एलेनी नावाच्या एका ग्रीक मुलीबरोबर तो तीन वर्षं राहत होता, ती तिथल्याच इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. हे भावाला, वहिनीला आणि पुतणीला ठाऊक होतं. आईला नव्हतं. आईपुढे एलेनी म्हणजे "वरच्या मजल्यावर राहते ती."

"वहिनी, आम्हाला लग्न करायचंय," श्रीहर्ष म्हणाला. "आई इथेच आहे तोवर तू तिला हळूहळू तयार कर ना. तुझं ती ऐकते."

"आणि तू काय करणार?"

"मी आहेच की पाठीशी."

आशुतोषनेही मान हलवली. दोन्ही भावांनी वहिनीच्या खांद्यावर बंदूक ठेवली आणि आपण लांब जाऊन कानात बोटं घालून उभे राहिले. पद्मजा मनातून वैतागली, पण नाही म्हणणं तिला कधी जमलंच नव्हतं. युक्ती एलेनीनेच सुचवली. ग्रीसमधून परदेशी गेलेली कुटुंबं, त्यांच्या घरातली मुलगी, परक्या घरचा मुलगा, आणि मग लग्नावरून उडणारा गोंधळ, असे हसवणारे प्रेमाचे सिनेमे ढिगाने आहेत. एलेनीला ते बघताना लाज वाटायची आणि तरी ती ते दर नाताळात बघायची.

अशा रीतीने हूफडॉर्पमध्ये पायरीवरची दुपार पुन्हा भरायला लागली. शनिवार-रविवार, जेवणं झाल्यावर. पडद्यावर संवाद इंग्रजीत, खाली अक्षरं डचमध्ये, भांडण ग्रीकमध्ये आणि या सगळ्यावर पद्मजाचा आवाज मराठीत. पहिल्या दहा मिनिटांतच तिला जाणवलं की आपला घसा कितीतरी वर्षांनी मोकळा झालाय. ती बापासाठी जाड आवाज काढायची, मावशीसाठी चिरका. आशुतोषसुद्धा जागा राहायला लागला.

लीलावतीबाईंना ती ग्रीक माणसं फारच आवडली. "ही आपलीच की गं!" त्या म्हणायच्या. "बघ, पाव्हण्याच्या ताटात न विचारता वाढतात. आणि ती आत्या बघ, कोणाचं काही चालू द्यायची नाही. आपल्या यमूवन्संच." समोरच्या घरची माणसं, म्हणजे मुलाकडची, फिकट कपड्यांत ताठ बसून एकेक बिस्कीट खाताना दिसली की त्यांना हसू आवरायचं नाही. "ह्यांना कोणी जेवायला घालत नाही का?" चर्चमध्ये नवरानवरीच्या डोक्यावर रिबिनीने जोडलेले दोन मुकुट ठेवताना पाहून तर त्या उठूनच बसल्या. "मुंडावळ्या! पद्मजा, मुंडावळ्याच आहेत ह्या!"

पद्मजा मनात मांडे खात होती. सगळं सुरळीत चाललं होतं. अडचण फक्त बापांची होती. या सिनेमांतले बाप भारी हट्टी. पोरीने बाहेरचा मुलगा आणला की ते जेवण सोडायचे, दुकान बंद करायचे, तिन्ही त्रिकाळ ग्रीसच्या इतिहासावर बोलायचे. शेवटी हो म्हणायचे, पण फार उशिरा आणि फार दुखवून. एवढं सासूबाईंच्या कानावर कशाला? पद्मजाने बापांना सरळ करायला घेतलं. कोणी ओरडला तर ती म्हणायची, "तो म्हणतोय, मुलगा सावळा असता तर बरं झालं असतं, पण चालेल." कोणी पाठ फिरवली तर म्हणायची, "तो म्हणतोय, मुलांच्या सुखात आपलं सुख."

चौथ्या की पाचव्या सिनेमात एक शिंपी होता. मेलबर्नमध्ये दुकान, एकुलती एक मुलगी, आणि तिला आवडलेला स्कॉटिश मुलगा. जावयाचा सूट बापानेच शिवायचा, अशी मुलीची इच्छा. बाप दर वेळी माप घ्यायचा आणि दर वेळी चुकलं म्हणून उसवायचा. बाही आखूड, खांदा उतरलेला. आधी हसू येतं, मग येईनासं होतं. शेवटाकडे मुलगी त्याला विचारते, बाबा, नक्की काय खुपतंय? तो भिंतीकडे तोंड करतो आणि ग्रीकमध्ये बराच वेळ बोलतो. बोलता बोलता रडतो.

तो काय म्हणाला ते पद्मजाला खालच्या डच अक्षरांवरून नीट कळलं. कळलं म्हणूनच तिला ते सांगवेना. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. तिने म्हटलं, "तो म्हणतोय, मुलांच्या सुखात आपलं सुख."

 सिनेमा संपला, लीलावतीबाईंनी चष्मा काढून पुसला.

रात्रीच्या जेवणात आमटी-भात होता. प्रांजली बापाला शाळेतल्या कोणा मास्तरांची नक्कल करून दाखवत होती, डचमध्ये. दोघं खो खो हसत होते. लीलावतीबाईही हसल्या, नेहमीसारख्या. मग त्यांनी भात कालवता कालवता विचारलं, "पद्मजा, ग्रीक कोण आहे?"

आशुतोषला ठसका लागला.

"म्हणजे?" पद्मजा म्हणाली.

"म्हणजे, दर आठवड्याला ग्रीक. कधी पंजाबी नाही, गुजराती नाही, फिरंगी नाही. आणि तुझ्या प्रत्येक सिनेमातला बाप तेच एक वाक्य म्हणतो. आजचा तर भिंतीला तोंड लावून रडत होता, तीन मिनिटं बोलत होता, आणि तू मला चार शब्द सांगितलेस. मला इंग्रजी येत नाही, डोळे आहेत. श्रीहर्षचंच काहीतरी ना?"

बिंग फुटलं. आशुतोषने आमटीकडे पाहिलं, आमटीने त्याला काही मदत केली नाही. सांगावं लागलं, नाव, गाव, कामधंदा. लीलावतीबाई शांतपणे ऐकत होत्या. "किती दिवस?" त्यांनी विचारलं. आणि कोणी काही म्हणायच्या आत प्रांजली, जी मराठीत चार शब्द सलग बोलत नसे, ती म्हणाली, "आज्जी, तीन वर्षं."

लीलावतीबाईंनी पानात पाणी सोडलं नाही, जेवण पुरं केलं. हात धुऊन आल्यावर त्या दारात उभ्या राहिल्या.

"मी काय केलं असतं रे?" त्या आशुतोषला म्हणाल्या. "ओरडले असते. दोन दिवस जेवले नसते. मग जेवले असते. तुम्ही मला तेवढंही करू दिलं नाहीत. मला परस्पर त्या सिनेमातला हटवादी म्हातारा ठरवून टाकलंत. आणि तू गं," त्या पद्मजाकडे वळल्या, "तुझ्या तोंडून ऐकते म्हणून मला इथे परकं वाटत नव्हतं. आता तू म्हणतेस ते खरं कशावरून? भाजीवाला काय म्हणाला, डॉक्टर काय म्हणाले, सगळं तुझ्याच तोंडून ऐकलंय मी."

पद्मजाला वाटलं, कोणी आपल्याला भर दुपारी पायरीवरून उठवून लावलं. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरांकडे, दुकानात, शेजारणीशी, सगळीकडे तीच या बाईची जीभ होती. त्या जिभेवरचा विश्वास उडाला म्हणजे सासूबाईंना या देशात कोणीच उरलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि दोन्ही भावांचा राग आला.

पुढचे दिवस वाईट गेले. श्रीहर्षचे फोन आई घेईना. दिवाणखान्यातला टीव्ही बंद राहिला. खिडकीतल्या सायकलींबद्दलही प्रश्न येईनात. पद्मजा काही सांगायला गेली की लीलावतीबाई नम्रपणे "बरं" म्हणायच्या, आणि ते "बरं" ऐकण्यापेक्षा चार शिव्या बऱ्या, असं तिला होई. त्यातच भारतात परत नेणाऱ्या खास विमानात त्यांना जागा मिळाल्याचं कळलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जायचं होतं. म्हणजे श्रीहर्षला न भेटता, एलेनीला न पाहता, मनात हे घेऊन. साताऱ्याला गेल्यावर फोनवर ही गाठ कोण सोडवणार, आणि पुन्हा विमानं कधी सुरू होणार, कोणाला माहीत होतं?

जाण्याच्या आधीच्या शनिवारी जेवणं झाल्यावर लीलावतीबाई आपण होऊन सोफ्यावर येऊन बसल्या.

"तो शिंप्याचा लाव."

पद्मजाने लावला.

"आता खरं सांग. मला काय वाटेल याचा विचार करू नकोस, ते मी बघून घेईन."

पद्मजाने सांगितलं. जाड आवाज नाही, चिरका आवाज नाही. शिंपी टाकून बोलला तिथे तीही टाकून बोलली. तो स्कॉटिश मुलाला पिठाचा गोळा म्हणाला, तेही सांगितलं. आशुतोष आणि प्रांजली जिन्यात बसून ऐकत होते. तो प्रसंग आला. बापाने भिंतीकडे तोंड केलं, आणि पद्मजाने सिनेमा थांबवला.

"आई, तो म्हणतो..." ती सासूबाईंकडे वळली. "तो म्हणतो, तो मुलगा चांगला आहे, मला ठाऊक आहे. मला त्याची भीती नाही. माझी नातवंडं होतील, ती जेवणाच्या टेबलावर बसतील, एकमेकांशी बोलून हसतील. मला एक अक्षर कळणार नाही. आणि मी एकटा पडलो असं त्यांना वाटू नये म्हणून मीही हसेन."

 जिन्यात प्रांजलीने गुडघ्यांत डोकं घातलं होतं.

लीलावतीबाई पडद्यावरच्या त्या थांबलेल्या माणसाकडे बघत राहिल्या. "हा मूर्ख नाही गं," त्या म्हणाल्या. "ह्याला तुम्ही सगळे हसता होय? ह्याने माझ्या मनातलं सांगितलं. हे तू माझ्यापासून लपवलंस?"

"तुम्हाला लागेल म्हणून."

"लागलं तर लागलं. मला वाटायचं, असं वाटणारी मी एकटीच. आणि इथे तर सून मराठी, मुलगा मराठी, तरी तेच झालंय. मग ग्रीक आली काय अन् साताऱ्याची आली काय." त्यांनी पदराने डोळे टिपले. "बोलाव त्यांना. उद्याच बोलाव. विमान काय माझ्यासाठी थांबणार नाही."

रविवारी श्रीहर्ष मित्राची गाडी घेऊन आला. मागच्या अंगणात सगळ्यांना दीड मीटर दूर बसवलं होतं, कारण एलेनी इस्पितळात काम करायची आणि तिनेच तसा हट्ट धरला होता. केस घट्ट बांधलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली मुलगी. गेले तीन महिने ती आजाऱ्यांना श्वास घ्यायला शिकवत होती. तिने लांबूनच हात जोडले. लीलावतीबाईंनी मधल्या स्टुलावर शिऱ्याची वाटी ठेवली आणि नैवेद्य ठेवून मागे व्हावं तशा त्या मागे झाल्या. एलेनीने पुढे होऊन वाटी उचलली. ओटी नाही, हळदकुंकू नाही, पाठीवरून हातसुद्धा नाही. दोघी अंतर राखून एकमेकींकडे बघत होत्या.

"हिला सांग, मला राग आलाय," लीलावतीबाई म्हणाल्या. "जसंच्या तसं सांग."

पद्मजाने इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं. श्रीहर्ष मध्ये काही बोलू लागला, त्याला आईने हातानेच गप्प केलं.

"राग हिच्यावर नाही, माझ्या दिवट्यावर आहे, हेही सांग. आणि विचार, हिच्या आईवडिलांना तरी माहीत आहे का?"

प्रश्न ऐकून एलेनीचा चमचा वाटीतच राहिला. तिने श्रीहर्षकडे पाहिलं, मग जमिनीकडे. तिचे वडील वोलोस नावाच्या बंदराच्या गावात बस चालवायचे, आता निवृत्त. त्यांच्या लेखी श्रीहर्ष हा खालच्या मजल्यावर राहणारा एक भारतीय.

पद्मजाने हे मराठीत सांगितलं तेव्हा लीलावतीबाईंचा चेहरा असा काही झाला की आशुतोष घरात पाणी आणायला पळाला. "म्हणजे तिकडेही एक बसलाय होय, आंधळी कोशिंबीर खेळत?" त्या म्हणाल्या. "फोन लाव. आत्ता. इथे माझ्यासमोर."

"आई, असं एकदम..." श्रीहर्ष म्हणाला.

"तीन वर्षं म्हणजे एकदम होय रे?"

एलेनीने हे शब्द कळायच्या आतच फोन काढला होता.  मोबाइल स्टुलावर, वाटीच्या जागी, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर एक स्वयंपाकघर आलं, मग पांढऱ्या मिशांचा एक जाडजूड माणूस, बनियनवर. एलेनी ग्रीकमध्ये बोलू लागली. पद्मजाला एक शब्द कळत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा ती सांगू शकत नव्हती, आणि कोणी तिला विचारतही नव्हतं. त्या माणसाच्या मागे एक बाई आली, तिने तोंडावर हात ठेवला. माणूस ओरडला नाही. तो फक्त उठला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे दिसत होते.

एलेनी रडत म्हणाली, "ते फोन ठेव म्हणतायत."

अंगणात सगळे लीलावतीबाईंकडे बघायला लागले. त्या खुर्चीच्या कडेला सरकल्या. दीड मीटरचा नियम मोडणार नाही इतक्याच पुढे झाल्या आणि त्या पाठमोऱ्या माणसाशी बोलल्या, मराठीत, दुसऱ्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"दादा, मलाही काल-परवाच कळलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्हीही लगेच म्हणू नका." मग त्या पद्मजाला म्हणाल्या, "सांग. आणि हेही सांग, की मी हो म्हटलेलं नाही, पण मी फोनही ठेवत नाहीये. मी इथेच बसलेय. त्यांना काय भीती वाटते ते त्यांनी मला सांगावं. मला ती ठाऊक आहे."

पद्मजाने एकही शब्द गाळला नाही, एकही वाढवला नाही. तिने ते इंग्रजीत म्हटलं, एलेनीने हुंदके आवरत ग्रीकमध्ये. प्रांजली कधी आजीच्या खुर्चीशेजारी येऊन गवतावर बसली, ते कोणाला कळलंही नाही.

पलीकडे बराच वेळ नुसती पाठ दिसत होती. मग तो माणूस वळला, त्याने डोळे पुसले, टेबलाजवळची खुर्ची ओढली आणि तो लीलावतीबाईंच्या समोर बसला.